रंजूचा शेवटचा बोर्ड

रंजे,

आधी भांडते, मग रडते. तुला असंच आवडलं असतं.

तू गेलीस त्याला आज सव्वीस दिवस झाले. या सव्वीस दिवसांत मी तुझ्या नावानं इतकी बोटं मोडलीत की जिथं असशील तिथं उचक्यांनी हैराण झाली असशील. दिवाळीपासून तुला माहीत होतं. डॉक्टरांनी तुला सांगितलं, तू तुझ्या नवऱ्याला सांगितलंस, आणि आम्हाला काय सांगितलंस? "ॲसिडिटी हाय." दर रविवारी चाकणच्या पलीकडनं दोन गाड्या बदलून तळेगावात यायचीस, पोटाशी उशी धरून गायचीस, आणि आम्ही तिघं शहाणे तुला जिरा सोडा पाजत होतो. जिरा सोडा! आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

असो. भांडण अर्धवट ठेवते. ते काही आज संपणारं नाही.

तुला आठवतं का, आपली ओळख एका बिघाडामुळे झाली? निदान मी तरी त्याला बिघाडच समजले होते. गाड्यांच्या वायरींचे जुडगे बनवणाऱ्या आपल्या कंपनीचं स्नेहसंमेलन होतं. तू लाइनवर, मी स्टोअरमध्ये कारकून. गाण्याच्या पाच परीक्षा दिलेली बाई म्हणून स्वागतगीत बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. चाळीस बायका कँटीनमध्ये उभ्या केल्या, सुरुवात केली, आणि दुसऱ्याच ओळीला खालून एक घुमारा यायला लागला. जाड, शांत, एकसारखा. गाणं थांबवलं की घुमाराही थांबायचा. मी साऊंडवाल्याला झापलं. त्यानं केबल बदलली. पुन्हा घुमारा. त्यानं दुसरी बदलली, मग इलेक्ट्रिशियनला बोलावलं, त्यानं मेन बोर्ड उघडून पाहिला. "मॅडम, सगळं ओके आहे," तो म्हणाला, आणि त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू डोकं माझंच तपासायला हवं.

मग मी तुम्हाला गात ठेवलं आणि कान लावून रांगांमधून हिंडले. शेवटच्या रांगेत, पाण्याच्या कूलरशेजारी, तू. ओठ जेमतेम हलत होते.

"तू वेगळं काय गातेयस?"

तुझा चेहरा पडला. "मी मोठ्यानं न्हाई गात मॅडम. हळूच गाते. बंद करू का?"

तुझ्या गावातल्या भजनी मंडळात तुला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. बाप्यासारखा आवाज म्हणून. तू ऐकलंस, पण गप्प राहणं तुला जमेना. मग तू सगळ्यांच्या सुराखाली असा एक सूर शोधायला लागलीस, जिथं तू गायलीस तरी कुणाला पत्ता लागणार नाही. तुला कुणी शिकवलं नव्हतं. टोचून बोलणाऱ्या बायकांपासून लपायला तू खाली जाऊन बसलीस, आणि तिथं तुला ते सापडलं जे मला पाच परीक्षांत कुणी दाखवलं नव्हतं.

मी बाकीच्यांना गप्प केलं. "चल, आपण दोघीच." मी वरून सुरू केलं, तू खालून आलीस. रंजे, तो क्षण मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेले नाही. माझा आवाज मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या दिवशी तो मला पहिल्यांदा रुंद ऐकू आला, अगदी खोलीभर. समोरच्या बायकांनी चक्क पदर सावरले. देवळात गेल्यावर सावरतात ना, तसे.

मग आपलं टोळकं जमलं. दीपक लातूरकडचा, सीएनसी मशीनवर काम करणारा. बेअरिंगच्या जुन्या कड्या दोरीला टांगून वाजवायचा, टेम्पोच्या स्प्रिंगच्या पाट्यावर लाकडी हातोडी मारून असा नाद काढायचा की काळजात कळ यावी. नाना तळेगावातले, निवृत्त फिटर. नळाच्या प्लॅस्टिक पाइपांचे लहानमोठे तुकडे ओळीनं बांधून तोंडावर चपलेनं थाप मारत बसायचे. वाजवता वाजवता दोघं गायचेही. नानांच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये आपण बसायला लागलो म्हणून गटाचं नाव पत्राशेड. दोन बाप्ये असून सगळ्यात खालचा आवाज बाईचा, याचं लोकांना भारी कौतुक. पहिल्या कार्यक्रमात नानांनी चप्पल काढली तेव्हा प्रेक्षक खिदळले होते. दुसऱ्या गाण्याला कुणी हसलं नाही. तिसऱ्याला पहिल्या रांगेतले एक आजोबा डोळे पुसत होते.

आणि बोर्ड! बोर्डाबद्दल लिहिल्याशिवाय तुझ्याबद्दल काय लिहिणार मी?

चार आवाज चार वाटांनी न्यायचे म्हणजे कुठंतरी मांडून ठेवायला हवं. मी सरगम लिहून आणली. तू कागद उलटा-सुलटा करून पाहिलास आणि परत दिलास. "मला हे दिसत न्हाई," म्हणालीस. पुढच्या रविवारी बसमधून प्लायवूडचा हा एवढा मोठा तुकडा काखेत मारून आलीस. त्यावर खिळ्यांच्या आडव्या ओळी ठोकलेल्या, एक ओळ म्हणजे एक सूर. कंपनीत गाडीच्या वायरी जशा बोर्डावर खिळ्यांमधून वळवून बसवायचीस, तसे तू त्यावर आमचे आवाज बसवले होतेस. भंगारवाल्याकडून आणलेले वायरींचे तुकडे. लाल मी, पिवळा दीपक, हिरवे नाना, काळी तू. डावीकडून उजवीकडे गाणं चालायचं. वायर वर चढली की सूर चढवायचा, खाली उतरली की उतरवायचा. जिथं टेपची पट्टी तिथं श्वास. जिथं चौघांनी एका सुरावर भेटायचं तिथं चारही वायरी एकत्र बांधलेल्या.

मी हसले होते. खोटं कशाला बोलू? "हे गाणं आहे की फ्यूजबॉक्स?" असं म्हटलं होतं मी. तू नुसतं बोट ठेवून दाखवत गेलीस आणि आम्ही गात गेलो. मधे एका ठिकाणी माझी लाल आणि तुझी काळी एकमेकींपासून लांब लांब जात होत्या. मला ते बेसूर होईल असं वाटलं.

"इथं आपल्या दोघीत जागा ठिवलीय," तू म्हणालीस. "दीपकला बसाय."

आणि दीपक त्या जागेत येऊन बसला. बसला म्हणजे काय, पत्र्याखाली ऊन पडावं तसं झालं. नानांची चप्पल हवेत राहिली. तो दिवस आणि आजचा दिवस, मी तुझ्या बोर्डाला कधी हसले नाही. नऊ वर्षांत तू सदतीस बोर्ड केलेस. दर वेळी मला वाटायचं, आता हिला सुचणार नाही. दर वेळी तू यायचीस, प्लायवूड भिंतीला टेकवायचीस आणि पाणी मागायचीस. इतकी साधी होतीस तू. आतमध्ये एवढं सगळं घेऊन फिरणारं माणूस पाणी मागतं, भाजीचे भाव सांगतं, आणि बसला गर्दी होती म्हणून कटकट करतं, याचं मला नेहमी आश्चर्य वाटायचं.

आता ते तीन महिने. टाळत होते, पण लिहायलाच हवं.

पुण्यातल्या त्या कार्यक्रमवाल्यांनी मला एकटीला विचारलं, तेव्हा मी हवेत गेले होते. फक्त माझा आवाज आणि एक गिटार. तू अडवलं नाहीस, आणि तेच मला झोंबलं. तू रडावंस, भांडावंस, असं मला हवं होतं. म्हणून मीच भांडले. नानांच्या अंगणात, दीपकसमोर. "तुम्हा तिघांमुळं माझा आवाज झाकला जातो," म्हणाले. आणि तेवढ्यावर न थांबता तुला म्हणाले, "तुझं तर कुणाला ऐकूही येत नाही रंजे. तू गायलीस काय, न गायलीस काय."

तू पाइप पुसत होतीस. मान वर केलीस.

"व्हय," म्हणालीस. "कुणाला ऐकू न्हाई येत. पन तुमी समदे मला ऐकू येता."

मला वाटलं, टोमणा मारतेस. चप्पल घालून निघून गेले. तीन महिने एकटी गायले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि प्रत्येक कार्यक्रमात मला माझा आवाज त्या स्नेहसंमेलनाच्या आधीसारखा अरुंद वाटत राहिला. शेवटी एका रविवारी नाक मुठीत धरून परत आले. शेडमध्ये भिंतीला नवा बोर्ड टेकवलेला होता. मी नसताना केलेला. त्यावर लाल वायर होती. तू माझी जागा ठेवून गाणं बांधलं होतंस. नानांनी चहा टाकला, दीपक म्हणाला, "या की, उशीर केलाव," आणि तू बोट ठेवलंस पहिल्या खिळ्यावर.

त्या वेळी दोन शब्द बोलायला हवे होते मी. चुकलं गं, एवढं तरी. पुढच्या रविवारी बोलू म्हणत दोन वर्षं गेली. दवाखान्यात आले तेव्हाही मी तुला मोसंबी सोलून देत बसले आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या सुनेबद्दल बोलत बसले. तू हसत होतीस. मी तुझा हात धरला होता, तेवढंच.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊजी, तुझा नवरा, टेम्पो घेऊन माझ्या दारात आले. अडतिसावा बोर्ड त्यांनी चादरीत गुंडाळून आणला होता. "तिनं सांगितलं व्हतं, अपर्णाकडं द्या म्हनून," एवढं बोलले आणि चहाही न घेता गेले. मी चादर सोडली. लाल होती, पिवळी होती, हिरवी होती. काळी नव्हती.

मला वाटलं, तुझे हात थकले. बोर्ड अर्धवट राहिला.

चिंचवडला आपला कार्यक्रम ठरलेला होता. आयोजक रोज फोन करून हो की नाही विचारत होते. नानांचं म्हणणं, बंद करूया. "तिच्याशिवाय कसलं पत्राशेड?" दीपक म्हणाला, "मला तर काहीच सुचंना गेलंय बघा." मीच हट्टाला पेटले. म्हटलं, हे शेवटचं गाणं मी पुरं करणार. तुझी काळी मी घालणार. कारण तीन महिन्यांचं ते देणं मला असं फेडता येईल, असं माझ्या डोक्यानं घेतलं होतं.

दहा दिवस मी तो बोर्ड जेवणाच्या टेबलावर ठेवून जगले. काळी वायर अशी घालून पाहिली, तशी घालून पाहिली. कुठंही घातली तरी कुणाच्या तरी पायात यायची. तुझ्यासारखा खालचा सूर लावायला आळंदीहून एका भजनी बुवांना बोलावलं. भला माणूस, आवाज असा की शेडचे पत्रे थरथरले. पण ते गायला लागले की आम्ही तिघं नाहीसेच व्हायचो. चहा पाजून, पाया पडून त्यांना परत पाठवलं.

त्यात आणखी एक गोष्ट मला छळत होती. माझी लाल वायर. ती गाण्याच्या मध्यापर्यंत नेहमीसारखी वर होती आणि मग एकदम उतरायला लागली होती. पिवळी ओलांडून, हिरवी ओलांडून, थेट सगळ्यात खालच्या खिळ्यांच्या ओळीत. माझा सूर कधी तिथं गेला नाही. मला वाटलं, दुखण्यात तुझा हात चुकला. मी शहाणीनं ती वायर काढून वर बसवली. तुझी चूक दुरुस्त केली गं मी! बघ माझा माज.

परवाच्या रविवारी दुपारी आम्ही तिघं शेडमध्ये बसलो होतो. सगळ्यांचं जवळजवळ ठरलंच होतं की आयोजकांना नाही म्हणून कळवायचं. तेवढ्यात भाऊजी तुझी उशी न्यायला आले. ती इथंच राहिली होती. निघताना बोर्डाकडे त्यांची नजर गेली. मी घातलेली काळी वायर बघून थांबले.

"ही कुनी घातली?"

"मी," म्हटलं. "राहिली होती ना."

"राहिली न्हवती," भाऊजी म्हणाले. "काळ्याचं बंडल मीच काढून दिलं व्हतं तिला. दर येळंला पयली काळीच घालती ना ती. तर म्हनली, ठिवून द्या. याला न्हाई लागत."

दीपकनं कपाळाला हात लावला. नऊ वर्षं तुला बोर्ड भरताना त्यानं पाहिलं होतं, मी पाहिलं होतं. गाडीत सगळ्या वायरी शेवटी जिच्या जिवावर चालतात ती काळी, म्हणून आधी ती, मग बाकीच्या. तुझी सवयच होती ती. तुझ्या बोर्डावर काळी शेवटी राहूच शकत नव्हती. सदतीस बोर्डांत कधी राहिली नव्हती. इतकं डोळ्यांदेखतचं आम्हा तिघांनाही दिसलं नाही, कारण तुझ्याशिवायचं गाणं तू स्वतः बांधशील हे आमच्या डोक्यातच येत नव्हतं.

बोर्ड पुरा होता. तिघांचाच होता. पोटाशी उशी धरून, दिवाळीनंतर कधीतरी, तू बसून आमचं तुझ्याशिवाय कसं चालेल ते खिळ्याखिळ्यानं लावून ठेवलं होतंस.

भाऊजी गेले. मी काळी सोडवली. मग लाल वायर काढून पुन्हा खाली नेली, तू नेली होतीस तशी. वायरला तुझ्या बोटांनी पाडलेल्या बारीक मुरडी अजून होत्या. त्यामुळे कुठला खिळा कुठला ते शोधावं लागलं नाही, वायर आपोआप तिथंच बसत गेली. शेवटची गाठ नानांनी मारली.

"एकदा गाऊन बघूया," नाना म्हणाले. "मग नाही म्हणायचं तर म्हणू."

दीपकनं कडीवर सूर दिला. नेहमीपेक्षा वरचा, कारण पहिल्याच खिळ्यापाशी तू तशी खूण करून ठेवली होतीस. माझा गळा खाली कुठवर पोचतो याचा हिशोब तुला माझ्याहून पक्का माहीत होता. आम्ही सुरुवात केली. अर्ध्यापर्यंत मी नेहमीसारखी वर होते. मग लाल उतरायला लागली आणि मीही उतरले. घाबरत, एकेक पायरी. दीपकला ओलांडताना वाटलं, आता आवाज फुटणार. नानांना ओलांडताना वाटलं, आता संपलं. आणि मग मी खाली पोचले. तुझ्या जागेवर.

रंजे, तिथून माझा आवाज मला ऐकू येत नव्हता. पहिल्यांदा आयुष्यात. मी गात होते, छातीत कंप जाणवत होता, पण कानात मी नव्हतेच. कानात ते दोघं होते. दीपकच्या आवाजाला कडेला एक बारीक खरखर आहे, लहान मुलाच्या घशात असते तशी. ती मला कधी कळली नव्हती. तो श्वास कुठं चोरतो, कुठं घाबरतो, सगळं स्पष्ट. आणि त्याला भीती वाटली की मी थोडा जोर लावायचे आणि तो सावरायचा. त्याला कळतही नव्हतं की कुणी सावरलं. तू हे नऊ वर्षं करत होतीस? आम्हा तिघांना, दर रविवारी, दर गाण्यात? मला सावरलंस ते किती वेळा, आणि मी मान उंच करून टाळ्या घेत होते?

तू त्या दिवशी टोमणा मारला नव्हतास. तू मला खरंखुरं सांगितलं होतंस की तुझ्या जागेवर काय मिळतं. आणि मला ते तोंडानं सांगून पटणार नाही हे ओळखून, तू मला तिथं नेऊन बसवलंस.

चुकलं गं माझं. त्या तीन महिन्यांबद्दल आणि त्या वाक्याबद्दल. आज म्हणते. उशीर केलाय, मान्य.

आयोजकांना हो म्हणून कळवलंय. आम्ही तिघं जाणार आहोत. पण तुला हे सगळं लिहायला बसले ते कार्यक्रमाचं सांगायला नाही. परवापासून एक गोष्ट कधी एकदा तुला सांगते असं झालंय, आणि सांगायला जाते तर तूच नाहीस. नऊ वर्षं त्या माणसाच्या शेजारी उभी राहिले मी. चप्पल वाजवणारे म्हातारबुवा म्हणून त्यांच्याकडे धड कान दिला नाही कधी. परवा खालून ऐकलं आणि माझा सूर चुकला, इतकं डोळ्यांत पाणी आलं.

रंजे, नाना किती सुंदर गातात गं!